नकाशा भरणारे आणि नकाशा काढणारे

दहावीच्या भूगोलाची परीक्षा जवळ आली की गावोगावच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत कोऱ्या नकाशांची मागणी एकाएकी वाढते. घरोघरी मुले भारताच्या आराखड्यात नद्या निळ्या पेन्सिलीने गिरवतात, बंदरांवर ठिपके देतात, कोपऱ्यात सूची लिहितात आणि हक्काच्या गुणांची बेगमी करतात. यात गैर काही नाही. परंतु तो आराखडा कोणी काढला, कोणत्या प्रमाणावर काढला, त्यात काय ठेवले आणि काय गाळले, हा प्रश्न त्या मुलांच्या मनात येत नाही आणि त्यांना तो विचारायला कोणी शिकवीतही नाही. नकाशा ही आपल्याकडे भरण्याची वस्तू झाली आहे. काढण्याची विद्या राहिलेली नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा नाही, हे इतिहासात डोकावले की ध्यानात येते. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीतील. राज्य चालवायचे तर आधी भूमी मोजली पाहिजे, हे कंपनीने पुरते ओळखले होते. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ आधाररेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण रचत ते सर्वेक्षण हिमालयापर्यंत पोहोचले. जगातील सर्वोच्च शिखराचे गणित १८५२ मध्ये सुटले, त्याचे श्रेय राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाकडे जाते. शिखराला नाव मात्र जॉर्ज एव्हरेस्टचे मिळाले. कुमाऊँच्या नैनसिंह रावतांनी शंभर मण्यांची जपमाळ हाती घेऊन, दर शंभर पावलांना एक मणी सरकवत तिबेटची वाट मोजली आणि १८६६ मध्ये ल्हासा गाठले. मोजणारी पावले आपली होती, गणित करणारी बुद्धीही आपली होती. परंतु काय मोजायचे, नकाशावर काय दाखवायचे आणि तो कोणाच्या हाती द्यायचा, हा निर्णय परक्यांचा होता. नकाशाशास्त्राचा पहिला धडा हाच. नकाशा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार, हे तो काढणाराच ठरवतो.

आज तो निर्णय आपल्या हाती आला आहे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाने भू-स्थानिक माहितीविषयीचे नवे धोरण जाहीर केले आणि भारतीय संस्थांवरील पूर्वपरवानगीची बंधने बव्हंशी दूर केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणही आले. ‘क्यूजीआयएस’सारखी आज्ञावली विनामूल्य मिळते, जनगणनेचे आकडे उपलब्ध आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला दहा मिनिटांत रंगीत नकाशा तयार करता येतो. नेमका धोका येथेच आहे. कारण दहा मिनिटांत निघालेला चकचकीत नकाशा साफ खोटे बोलत असू शकतो.

एक साधे उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेचे जिल्हावार आकडे घेऊन विद्यार्थी महाराष्ट्राचा क्षेत्रघनी नकाशा काढतो. जास्त लोकसंख्येला गडद छटा, कमी लोकसंख्येला फिकी. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख, म्हणून तो गडद होतो. मुंबई शहर जिल्ह्याची सुमारे ३१ लाख, म्हणून तो फिका उमटतो. पाहणाऱ्याला वाटावे, गर्दी पुण्यात आहे आणि मुंबईत मोकळीक! प्रत्यक्षात मुंबई शहर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला साडेएकोणीस हजारांहून अधिक माणसे राहतात, तर पुणे जिल्ह्यात सुमारे सहाशे. आकडा एकही चुकलेला नाही. चुकली ती मांडणी. छटांच्या नकाशात निव्वळ संख्या भरायची नसते, गुणोत्तर भरायचे असते. निव्वळ संख्येसाठी टिंबांचा किंवा प्रमाणशीर वर्तुळांचा नकाशा योग्य. शालेय पुस्तकात टिंब, क्षेत्रघनी आणि समघनी या तिन्ही पद्धतींची ओळख करून दिली जाते. व्याख्या पाठ होतात, विवेक शिकायचा राहून जातो.

रंगांचेही तसेच. कमी-अधिक दाखवायचे तर एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदपर्यंत छटा हव्यात. लाल, हिरवा, जांभळा असे इंद्रधनुष्य उधळले की डोळ्याला क्रम लागत नाही; शिवाय लाल-हिरव्यातील भेद न कळणाऱ्या वाचकाला तो नकाशा मुकाच राहतो. जे महत्त्वाचे ते ठळक, जे पार्श्वभूमीचे ते मंद. सर्वच अक्षरे मोठी केली तर एकही मोठे राहत नाही. उत्तम नकाशा काय गाळतो, यावरूनच ओळखावा.

मग प्रमाण आणि प्रक्षेपण. १५६९ मध्ये मर्केटरने आपला जगाचा नकाशा काढला तो दर्यावर्दींसाठी. स्थिर दिशेचा मार्ग त्यावर सरळ रेषेत येतो. पण ध्रुवांकडील प्रदेश अवाच्या सवा फुगतात. त्या नकाशात ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट मोठे दिसते. वास्तविक भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आहे आणि ग्रीनलंडचे सुमारे २२ लाख! जलप्रवासासाठी निर्दोष असलेला नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगला की पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत वाकडी होते. दोष मर्केटरचा नव्हे, हेतू न तपासता नकाशा उचलणाऱ्याचा.

हीच गोष्ट आपल्या दारातही घडते. १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशात एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि समोच्च रेषांतील अंतर साधारणतः २० मीटर. डोंगर-दऱ्या समजून घ्यायला तो नकाशा अप्रतिम. पण २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापुराने हाहाकार केला, तेव्हा पाणी कोणत्या गल्लीत आधी शिरणार, हा जो प्रश्न होता, त्याचे उत्तर या पत्रकात सापडणे शक्यच नाही. त्यासाठी बृहत्प्रमाण नकाशा हवा आणि तो त्या गल्लीत चाललेल्या माणसानेच काढायला हवा.

आणखी एक सावधानता. परदेशी संकेतस्थळांवरून उतरवून घेतलेल्या आधारनकाशांत जम्मू-काश्मीरची आणि अरुणाचलची सीमा अनेकदा तुटक किंवा चुकीची दाखवलेली असते. तो नकाशा तसाच प्रकल्पाच्या वहीत चिकटवणारा विद्यार्थी देशद्रोही नसतो, अजाण असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची सीमारेषा प्रमाण मानून प्रत्येक नकाशा पडताळावा, ही सवय लावणे शिक्षकाचे काम आहे. नुसत्या संतापाने ते होत नाही.

कोणी म्हणेल, उपग्रह सारे टिपतात, भ्रमणध्वनीवर वाट दिसते, मग हा खटाटोप कशाला? उपग्रहाच्या छायाचित्रात सर्व काही दिसते. पण मार्च महिन्यात कोणता हातपंप आटतो, पुरात कोणत्या घरातील वृद्धेला प्रथम हलवावे लागेल, पावसाळ्यात शाळेची कोणती वाट बंद होते, हे त्यात दिसत नाही. ते वस्तीत हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला ठाऊक असते. ते कागदावर नीट उतरवता आले तर त्याच्यानंतर येणाऱ्यालाही उपयोगी पडते. ही माहिती एका माणसाच्या डोक्यात राहिली, तर तो गाव सोडून गेला की तीही जाते.

म्हणून एक साधी सूचना. प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा मुलांना आपल्या वस्तीचा नकाशा काढायला लावावा. टेप नसेल तर नैनसिंहांप्रमाणे पावलांनी अंतर मोजावे, होकायंत्राने दिशा घ्यावी, प्रमाण ठरवावे आणि या नकाशाचा हेतू काय, हे एका वाक्यात माथ्यावर लिहावे. त्या वाक्यात जे बसत नाही ते गाळावे. संगणक नंतर येऊ द्या. महाविद्यालयांनी सेवा योजनेच्या शिबिरात दत्तक गावाच्या पाण्याचा नकाशा करून तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. चूक असेल तर गावकरीच बोट ठेवून सांगतील. त्याहून कठोर परीक्षक कोण?

ज्याने आपली गल्ली एकदा प्रामाणिकपणे मोजली, त्याच्यासमोर कोणीही रंगवलेला नकाशा आणून ठेवला तरी तो आधी सूची वाचेल, प्रमाण पाहील आणि विचारील, “हा कोणी काढला आणि कशासाठी?” असा प्रश्न विचारणारी पिढी घडवायची असेल, तर यंदा कोऱ्या आराखड्याबरोबर मुलांच्या हाती एक संपूर्ण कोरा कागदही द्यावा.