कोयत्याचं पंचांग आणि ग्रामसभेची तारीख

मा. ग्रामविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



गेल्या 26 जानेवारीला आमच्या गावात झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला गेला आणि शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून ग्रामसभा भरली. हजर होते पंधरावीस म्हातारे, दोन गुत्तेदार, सरपंचांचे यजमान आणि मी. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला कमी आकडा पुरतो. तोही भरला नाही. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे पुढच्या वेळी तेवढ्याच माणसांत सगळे ठराव 'सर्वानुमते' मंजूर झाले.

गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या उतारावर आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी लागेल ती ग्रामसेवकाच्या मागे (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), आणि तो बिचारा आधीच एकाहून जास्त गावं सांभाळतो.

बाकीचे कुठे होते, हे आपल्याला सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडे ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं असं सगळं भरून माणसं सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात ऊसतोडीला निघतात, ती गाळप संपून पट्टा पडल्यावरच परततात. मार्च संपतो, कधी एप्रिल उजाडतो.

आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता होतो. एकटा गडी गेला तर अर्धा. हा हिशोब टोळी नेणाऱ्या मुकादमाचा आहे. त्यानं पावसाळ्यातच आगाऊ उचल दिलेली असते, ती पेरणीत, लग्नात, दवाखान्यात जिरलेली असते. पहाटे अंधारात फडात शिरलेला कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो, मोळ्या बांधतो, डोक्यावरून वाहून गाडी भरतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तेव्हा टनाचा भाव साडेतीनशेच्या पुढे गेला. म्हणजे दोघांचे मिळून दिवसाचे सातशे-साडेसातशे. तेही हातात पडत नाहीत, उचलीत वळते होतात. एक दिवस फड सोडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर. अशा माणसानं ग्रामसभेला यावं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं घालून गावच्या गटाराच्या ठरावाला हात वर करावा.

तरी गटारापुरतं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमातल्या आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि थंडीत आवरते. वित्त आयोगाचा पैसा कोणत्या वस्तीवर जाणार, पाण्याची टाकी कुठे बसणार, पुढच्या वर्षी रोजगार हमीची कोणती कामं निघणार, हे ऐन गाळपात ठरतं. तोडीला जायची पाळी ज्यामुळे टळली असती, त्या कामांची यादी तोडीला गेलेल्यांच्या माघारी होते. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी करणाऱ्या राज्यात हे चालतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. घरकुलाचंही तेच. पाहणीला माणूस आला तेव्हा आमच्या वस्तीवर निम्म्या दारांना कुलूप होतं. शेरा पडला : 'घर बंद'.

आणि ही माणसं सापडत नाहीत, असं कुणी म्हणू नये. 15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या 12 हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचं मतदान झालं. आमच्या गावाचं 18 डिसेंबर 2022 ला. दोन्ही तारखा ऐन हंगामातल्या. आमच्या गावातल्या दोन्ही पॅनेलच्या गाड्या रातोरात कारखान्यांच्या तळांवर पोचल्या होत्या. कोणती टोळी कोणत्या फडात आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. खाड्याचे पैसे भरले, जेवण दिलं, मत टाकून झाल्यावर परत नेऊन सोडलं. पुढे पाच वर्षांत ग्रामसभेसाठी त्यांना साधा फोनही जात नाही.

वर्षाला किमान चार ग्रामसभा हव्यात, असा कायदा आहे. गावोगाव रूढ झालेल्या तारखा म्हणजे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. सरकारी पंचांगात त्या शोभतात. पण ऊसतोडीच्या तालुक्यांपुरता एवढा बदल करा : घरकुलाची यादी आणि रोजगार हमीची कामं यांवरचा अंतिम ठराव फक्त 1 मे ते दसरा या काळातच व्हावा. दाराला कुलूप असेल तर 'घर बंद' न लिहिता 'तोडीला गेले' असं लिहावं आणि उन्हाळ्यात पुन्हा यावं.

एवढ्यानं भागेल का? नाही, हे मला ठाऊक आहे. 15 ऑगस्टला ही माणसं गावात असतात, सभेलाही येतात, पण मागे उभी राहतात. कारण पुढच्या हंगामाची उचल नेमकी त्याच दिवसांत ठरत असते, आणि पुढच्या ओळीत मुकादम बसलेला असतो. कधी तोच सदस्य असतो, कधी सदस्याचा भाऊ. ज्याच्याकडून लाखाची उचल घ्यायची, त्याच्या गल्लीतल्या रस्त्याला विरोध करून हात कोण वर करेल? मीही केला नसता.

दारूबंदीसाठी आपल्याकडे 'उभी बाटली, आडवी बाटली' असं गुप्त मतदान होतं. बाईला नवऱ्यासमोर, गुत्तेवाल्यासमोर हात वर करता येत नाही, हे तिथे सरकारला बरोबर कळलं. मग टाकी की रस्ता, या वस्तीला की त्या वस्तीला, हे गावानं चिठ्ठीवर का ठरवू नये? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहेच, सुरुवात तिथून करा. निम्मा कोयता तिचाच असतो, पण उचलीच्या बोलण्याला तिला कुणी बसवत नाही.

उत्तर पाठवणार असाल तर दसऱ्याच्या आत पाठवा. ते वस्तीवर वाचून दाखवायचं कबूल केलंय.

आपला,
बालाघाटावरचा एक निवृत्त शिक्षक आणि मतदार