टीव्हीला जोडायचा संगणक

घरात मोठा टीव्ही आला की थोड्याच दिवसांत मुले म्हणू लागतात, 'बाबा, आता याला कॉम्प्युटर जोडू या.' सिनेमा बघता येईल, यूट्यूबवरचे क्लास बघता येतील, लग्नाचे जुने चित्रण लावता येईल आणि फॉर्म भरायला सायबर कॅफेत जावे लागणार नाही, अशी चार कारणेही लगेच सांगतात. कारणे खोटी नसतात. पण हा संगणक कसा जुळवावा हे घरात कोणालाच ठाऊक नसते, आणि मग दुकानदार लिहून देईल तो कागद घेऊन आपण घरी येतो.

असाच एक कागद २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या ओळखीच्या एका आयुष्मानांनी आम्हाला दाखवला. गृहस्थ कारखान्यात नोकरीला, थोरली मुलगी बारावीला. कोटेशन साठ हजारांच्या वर गेलेले, आणि दुकानदाराने बारा हप्त्यांची सोयही सांगून ठेवलेली. आम्ही पडलो कारकून. कागद हातात आला की बेरीज नंतर बघतो, आधी ओळी वाचतो. पहिल्याच ओळीत प्रोसेसर होता, 'आय-फाइव्ह १२४००एफ'. शेवटच्या त्या 'एफ' अक्षरावर आम्ही बोट ठेवले.

इंटेल कंपनीच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आतच असते. ज्याच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो त्यात ती मिळत नाही. असा प्रोसेसर दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो, पण मग टीव्हीवर नुसते चित्र येण्यासाठीही वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. कागदावर ते होतेच, अठरा हजारांचे. कार्ड आले म्हणून मोठा एसएमपीएस, तो आला म्हणून मोठी, आत रंगीत दिवे लावलेली कॅबिनेट. एका अक्षरापायी ओळीमागून ओळ वाढत गेली. गेम खेळणाऱ्यासाठी हे कोटेशन चुकीचे नव्हते. पण त्या घरात गेम खेळणारे कोणी नव्हते. (एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत उलट प्रकार आहे. तिथे नावात 'जी' अक्षर असेल तरच चित्राची सोय आत असते.)

कार्डाशिवाय सिनेमा अडखळेल, असे दुकानात सांगितले जाते. त्यात तथ्य किती ते पाहू. सिनेमा फाइलमध्ये असतो तो वळकटी बांधून ठेवल्यासारखा, दाबून बसवलेला. बघताना तो उलगडावा लागतो. बांधण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एच.२६४ ही २००३ सालची, एचईव्हीसी २०१३ ची, एव्ही१ २०१८ ची. यूट्यूब व्हीपी९ नावाची पद्धतही वापरते. ज्या प्रोसेसरमध्ये त्या पद्धतीसाठी खास जागा केलेली असते, तो वळकटी सहज सोडतो, पंख्याचा आवाजही होत नाही. ज्यात ती नसते, त्याला सगळे बळ लावावे लागते. मशीन तापते आणि चित्र थांबत थांबत चालते. तेव्हा प्रश्न प्रोसेसर किती ताकदवान हा नाही, त्याला कोणती वळकटी सोडता येते हा आहे.

इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१६-१७ पासून, एचईव्हीसीची दहा बिटांची फाइल आणि व्हीपी९ दोन्ही नीट चालतात. एव्ही१ साठी अकरावी पिढी लागते. पिढी नावातच लिहिलेली असते. 'आय-फाइव्ह ८५००' मधला पहिला आकडा आठ, म्हणून आठवी पिढी. '१२४००' मधले पहिले दोन आकडे बारा, म्हणून बारावी. एवढे वाचता आले तरी दुकानात निम्मे बोलणे आपल्या हातात राहते.

आता टीव्हीकडे वळू. खरे तर सुरुवात तिथूनच करायला हवी. आपल्याकडे बत्तीस इंची टीव्ही पुष्कळ घरांत आहेत आणि त्यातले बरेच 'एचडी रेडी' असतात, म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. ४के टीव्हीला ३८४० बाय २१६० लागतात. एचडी रेडी टीव्हीला ४के दाखवणारे यंत्र जोडणे म्हणजे अरुंद बोळात लक्झरी बस आणणे. आणि लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले चित्रण कोणत्याही टीव्हीवर लावा, ते होते तेवढेच स्पष्ट दिसणार. टीव्ही ४के असेल तर मात्र एक गोष्ट बघावी. एचडीएमआय १.४ च्या तोंडातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते, २.० मधून ६० वेळा. सिनेमाला ३० पुरतात. माऊस हलवताना मात्र ते जड वाटते.

म्हणून आमचे मत असे, की बेताच्या पैशात नवे भाग जुळवत बसण्यापेक्षा कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली छोटी मशीन बघावीत. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर अशा नावांनी ती मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत अशा मालाची चौकशी करता येते. आठव्या पिढीचे घ्यावे, त्याच्या खाली उतरू नये. कारण विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच रीतसर चालते. त्याहून जुने मशीन आधीच घरात असेल तर लिनक्स मिंट फुकट मिळते, सिनेमासाठी कोडीही फुकट. शिवाय २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. जुन्या मशीनमध्ये आठ जीबी रॅम आधीच बसवलेली मिळाली तर तेवढा खर्च वाचतो.

नवेच हवे असेल तर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरच्या लहान पेट्या येतात. २०२३ सालचा हा प्रोसेसर, वीज अगदी थोडी खातो आणि एव्ही१ सुद्धा उलगडतो. मुलीला पुढे इंजिनीअरिंगची जड सॉफ्टवेअर चालवायची असतील तर मात्र तो अपुरा पडेल.

विजेचाही हिशेब करून टाकू. छोटी पेटी सिनेमा दाखवताना ३० वॅट घेते असे धरा. रोज चार तास म्हटले तर महिन्याला साडेतीन युनिटच्या जरा वर. बिलात ते जाणवणारही नाही.

वाचलेले पैसे कुठे घालावेत? पहिले एसएसडीत. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज चालवणे म्हणजे मुलांचा अभ्यासाचा वेळ वाया घालवणे. २५६ जीबी पुरते. सिनेमे बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावेत. दुसरे आवाजात. पातळ टीव्हीचे स्पीकर पाठीमागे किंवा खाली तोंड करून असतात, संवाद नीट कळत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत पाच स्पीकरचा संच लावायला ना जागा, ना शेजाऱ्यांची परवानगी. दोन बरे स्पीकर घ्या आणि एक हेडफोन. घरात परीक्षा असताना हेडफोनच उपयोगी पडतो.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. फक्त ओटीटीवरचे सिनेमे बघायचे असतील तर संगणकाची गरजच नाही. टीव्हीच्या मागे खोचायची काडी येते, ती पुरते. उलट पैसे भरून घेतलेले ओटीटी संगणकाच्या ब्राउझरमध्ये पुष्कळदा कमी स्पष्ट दिसते. संगणक घ्यायचा तो अभ्यास, फॉर्म आणि घरच्या फाइली यांसाठी. सिनेमा त्यात आपोआप येतो.

जुने मशीन घेताना दुकानातच ते टीव्हीला जोडून बघावे. यूट्यूबवर ४के चित्रफीत लावा, टास्क मॅनेजर उघडा, त्यात जीपीयूच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' ही रेघ हलली पाहिजे आणि सीपीयू शांत राहिला पाहिजे. हे दाखवायला नकार देणाऱ्याकडून घेऊ नये. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, ते बघावे. या मशीनना कित्येकदा एचडीएमआय नसून डिस्प्लेपोर्ट असते, तेव्हा जोडणीचा ॲडॅप्टर कोण देणार ते आधी ठरवावे. लॅपटॉपसारखा वीज ॲडॅप्टर बरोबर आहे का, तेही. आणि पक्के बिल घ्यावे, त्यावर मशीनचा सीरियल नंबर आणि गॅरंटीचे महिने दुकानदाराच्या हाताने लिहून घ्यावेत.