आतड्याच्या रुग्णाचे हृदय कोण तपासणार?

शौचातून रक्त पडले की बारामती-इंदापूरकडे पहिला तर्क मूळव्याधीचा. मग मलम, काढा, ओळखीतला वैद्य. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ किंवा ‘क्रोन्स’ हे आतड्याच्या दाहाच्या रोगाचे नाव कानावर पडेपर्यंत बराच काळ जातो. क्रोन्सची तर आतड्याच्या क्षयाशी इतकी गल्लत होते की काहींना आधी टीबीचीच औषधे दिली जातात.

निदान झाल्यावरही सगळे लक्ष पोटावर. वास्तविक, हा दाह आतड्यापुरता राहत नाही. तो रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतो. पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. हृदयविकाराचा धोका त्याहून कमी वाढतो, पण रोग उसळलेला असताना आणि तरुण वयातही वाढतो. गंमत म्हणजे रोग जोरात असताना कोलेस्टेरॉल अनेकदा कमी दिसते आणि रिपोर्ट पाहून सगळेच निर्धास्त होतात!

त्यात स्टेरॉइड लांबले की रक्तदाब आणि साखर चढते. ऊसतोडीने दुखणाऱ्या पाठीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी आतडे आणि हृदय, दोन्हींना वाईट. या रोगासाठीच्या टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्यांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये हृदयविकार व गुठळ्यांबाबत कडक इशारा दिला.

बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कोलायटिस-क्रोन्सच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब, साखर आणि सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) नियमित तपासावा, तंबाखूबद्दल विचारावे. इंदापूरच्या रुग्णाला त्यासाठी पुणे गाठायला लावू नये.