कोटींच्या आकड्यांत 'झिंगाट' सापडत नाही

एप्रिल 2016 मध्ये 'सैराट' आला, तेव्हा सिनेमाच्या बातम्या कोटींच्या आकड्यांनी भरून गेल्या होत्या. मला ते वाचून राग यायचा, आजही येतो. थिएटरात 'झिंगाट' गाणं लागताच लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचत होते. ते का नाचले, हे लिहिणं पत्रकाराचं काम नाही का? संगीतकार अजय-अतुल यांनी या सिनेमासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि त्याच सिनेमात वरातीत वाजावं असं 'झिंगाट'ही दिलं. करमाळ्याकडची बोली, विहिरीतल्या उड्या, बुलेटवरची नायिका आर्ची यांत आपण आधी मनसोक्त रमतो. म्हणून तर शेवटी दिग्दर्शक नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात, तेव्हा श्वास अडकतो. मजा कशी रचली होती हे न सांगता त्या शेवटाबद्दल काय लिहिणार?

लोकप्रिय गोष्टीत रमणं हलकं, असं मानणारे संपादक अजून आहेत. मला ते अजिबात पटत नाही. थिएटरात शिट्टी मारलेल्या माणसानंच परीक्षण लिहावं. ठेका, कॅमेरा, गाव, जात यांबद्दल नेमकं लिहावं. त्या परीक्षणाला अर्धं पान द्या. कमाईला एक ओळ पुरे.