घरचा संगणक आणि ज्याची त्याची मांडणी

जव्हारहून एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, घरांत सर्वांचा मिळून एकच जुना संगणक आहे. कॉलेजांत जाणारा पुतण्या त्यावर लिनक्स घालून 'आय-थ्री' नांवाची मांडणी करूं म्हणतो. ती त्यानें मित्राच्या यंत्रावर दाखविली, तेव्हां पडद्यावर ना चित्र ना बटण! मामंजींना रोज हिशेब लिहावयाचा असतो. त्यांनीं काय करावें?

प्रश्न रास्त आहे. पडद्यावर आपण ज्या खिडक्या उघडतों, त्या कोठें ठेवावयाच्या व कोणती पुढें आणावयाची, हें पाहणारा जो कारभारी, त्यास खिडकी-व्यवस्थापक म्हणतात. विंडोजमध्यें तो मूळ यंत्रणेशींच जखडलेला असल्यानें आपणांस त्याची जाणीव होत नाहीं. युनिक्सच्या घराण्यांत तसें नाहीं. १९८४ सालीं अमेरिकेंत एम. आय. टी. येथें 'एक्स' ही खिडक्यांची पद्धति निघाली. तींत हें काम मुद्दाम वेगळें ठेवलें गेलें. त्यामुळें बाकी घर तसेंच ठेवून कारभारी तेवढा बदलतां येतो.

कांहीं कारभारी फारच मितभाषी असतात. आन्सेल्म गार्बे यांनीं २००६ सालीं काढलेला 'डी-डब्ल्यू-एम' हा दोन हजार ओळींच्या आंतच ठेवावयाचा, असा त्याच्या कर्त्यांचा नेम आहे. मिखाएल श्टापेलबर्ग यांचा 'आय-थ्री' २००९ चा. या दोहोंत खिडक्या एकमेकींवर पडत नाहींत. नवी आली कीं जुनी अंग चोरून तिला जागा देते. सारें काम कळांनीं. माउसची गरज थोडी. यानें यंत्रावरील भार हलका होतो खरा, पण फार आशा धरूं नये. स्मृति खाणारा मुख्य पाहुणा म्हणजे ब्राउझर, आणि त्याची भूक कारभारी बदलून कमी होत नाहीं.

मराठी घरासाठीं एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. डी-डब्ल्यू-एमच्या माथ्यावरील पट्टींत अक्षरें नुसतीं एकापुढें एक मांडलीं जातात. जुळारी नसलेल्या छापखान्यासारखाच तो प्रकार! 'मोखाडा' तेथें सुखरूप उमटतो, पण 'जव्हार' मधील जोडाक्षर फुटतें आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागून धांवत येते. आय-थ्री हें काम 'पँगो' नामक जुळाऱ्याकडे सोंपवितो, म्हणून तेथें देवनागरी शुद्ध दिसते. तेव्हां मुलाची निवड आम्हांस पसंत आहे.

आतां मामंजींविषयीं. युनिक्स मुळांतच अनेकांनीं एका यंत्रावर नांदावें म्हणून घडलेली पद्धति आहे. प्रत्येकाचें खातें निराळें, परवलीचा शब्द निराळा, आणि प्रवेशाच्या वेळींच आपापली मांडणी निवडण्याची सोय. पुतण्यानें आपल्या खात्यांत आय-थ्री खुशाल ठेवावा. मामंजींच्या खात्यांत 'एक्सएफसीई' ठेवावी. तीही हलकीच आहे, शिवाय तींत खालीं-वर पट्टी, यादी व बटणें जेथल्या तेथें असतात. एकाच्या हौशीपायीं दुसऱ्याची संवय मोडावी लागत नाहीं. ज्या घरांत संगणक सामाईक आहे, तेथें एकाच खात्यावर सर्वांनीं काम करणें हाच खरा गैरसोयीचा प्रकार, आणि तो आपल्याकडे सर्रास चालतो.

यंत्र मोडींत काढण्याचा विचार असल्यास तूर्त थांबावें. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर चढतच नाहीं. अशीं यंत्रें लिनक्सवर बहुधा आणखी कांहीं वर्षें चालतात. मात्र हिशेब व छायाचित्रें आधीं दुसऱ्या डिस्कवर उतरवून, तीं उघडतात याची खात्री मामंजींनीं स्वतः करून घ्यावी. त्यांचा हिशेब 'लिबरऑफिस' मध्यें नीट उघडतो कीं नाहीं, हेंही त्याच वेळीं पाहावें.

आणि मुख्य खात्याचा परवलीचा शब्द एकट्या पुतण्याजवळ राहूं नये. ज्याच्या हातीं तो, त्यास सर्वांच्या खात्यांत शिरतां येतें. तो कागदावर लिहून घरच्या कपाटांत ठेवावा. म्हणजे मुलगा पुढें शिकावयास नाशकास गेला आणि ऐन आषाढांत यंत्र अडलें, तरी घरच्यांना त्याच्या सुटीची वाट पाहत बसावें लागणार नाहीं.