पांढऱ्या पिसांआड झाकलेला रंग



अकलूजजवळच्या एका मळ्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लहान आहे, पण प्रश्न पुष्कळ घरांचा आहे. त्या लिहितात, सासूबाईंच्या वेळेपासून दारात गावरान कोंबड्या आहेत. कोणी तांबडी, कोणी काळी, कोणी ठिपक्यांची, एक राखाडी. गेल्या साली घरधन्यांनी अंडी वाढावीत म्हणून पांढरा लेगहॉर्न कोंबडा आणला. त्याच्यापासून निघालेली पिल्ले जवळजवळ सगळीच पांढरी झाली. उसाच्या कडेने चरायला सोडली की घारीच्या नजरेत आधी तीच भरतात. बाजारात नेली तर गिऱ्हाईक हात लावून म्हणते, "ही तर फार्मची", आणि दर पाडते. कोंबड्यांचा पैसा हाच काय तो माझ्या हातचा पैसा, त्यातून पोरांची वह्या-पुस्तके होतात. आमचा रंग कायमचा गेला काय?

ताई, रंग गेलेला नाही. तो झाकला गेला आहे. एका पिढीत तो परत आणता येईल. पण त्यासाठी पिसाचा रंग आई-बापांकडून पिल्लात कसा उतरतो, हे आधी समजून घेऊ. हे एकदा ध्यानात आले की गेलेला रंग परत आणणे आणि हवा तो नवा रंग जुळवणे, दोन्ही कामे हिशेबाने करता येतात.

दोन चिठ्ठ्यांचा हिशेब

कोंबडीच्या पिसात मुळात दोनच रंग असतात, काळा आणि तांबूस. बदामी, सोनेरी, चॉकलेटी हे सारे या दोहोंच्या कमीजास्त मिसळीतून होतात. पांढरा हा रंगच नव्हे. पिसात रंग भरला गेला नाही म्हणजे ते पांढरे दिसते.

प्रत्येक पिल्लाला बापाकडून एक आणि आईकडून एक अशा गुणांच्या चिठ्ठ्या मिळतात, असे समजा. शास्त्रज्ञ यांना जनुके म्हणतात. मेंडेल या धर्मगुरूने 1866 साली वाटाण्यावरून हा नियम मांडला. तो जनावरांनाही लागू पडतो, हे 1902 साली इंग्लंडात विल्यम बेटसन यांनी दाखवले, आणि त्यासाठी त्यांनी कोंबड्याच घेतल्या होत्या.

दोन चिठ्ठ्या निरनिराळ्या असल्या तर पुष्कळदा एक बोलते आणि दुसरी गप्प बसते. गप्प बसली म्हणजे नाहीशी झाली असे नव्हे. ती पुढच्या पिढीत पुन्हा डोके वर काढते. आपण म्हणतो, "आजोबाच्या वळणावर गेला", ते याचमुळे.

पांढऱ्या लेगहॉर्नजवळ रंग झाकणारी चिठ्ठी असते, आणि ती जोडीने असते. त्यामुळे त्याच्या प्रत्येक पिल्लाला तिच्यातली एक मिळतेच. मग आई तांबडी असो की काळी, पिल्लू पांढरेच दिसते. ही झाकण काळ्या रंगाला चांगली दाबते, तांबड्याला तेवढी नाही. म्हणून अशा पिल्लांच्या अंगावर कुठे तांबूस झाक, कुठे एखादा काळा ठिपका दिसतो. ताईंनी आपली पांढरी तलंग हातात धरून उन्हात नीट पाहावी. आईच्या रंगाची खूण बहुधा सापडेल.

रंग परत कसा आणावा

आता करायचे ते असे. पांढरा कोंबडा विकून टाकावा. त्याच्यापासून झालेले पांढरे नरही अंगावर मांस धरताच विकावेत. हे नर मागे राहिले आणि आपल्याच पांढऱ्या बहिणींशी लागले, तर चार पिल्लांत तीन पांढरी आणि एकच रंगीत निघेल. आणि पुढे हा घोळ चालूच राहील.

पांढऱ्या तलंगांतल्या तीन-चार निवडून ठेवाव्यात. अंग भरलेले, डोळा तेजस्वी, पाय सरळ, चरण्यात चपळ. त्यांच्यावर दुसऱ्या गावचा रंगीत गावरान कोंबडा सोडावा. दुसऱ्या गावचा अशासाठी की रक्ताचे नाते नको. त्याच त्या रक्तात पिढ्यानपिढ्या जुगणी होत राहिली तर पिल्ले किरकोळ निघतात आणि अंडी कमी उबतात.

या जोडीची पिल्ले सरासरीने निम्मी पांढरी आणि निम्मी रंगीत निघतील. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली आणि दहा फुटली, तर पाचाच्या आसपास रंगीत. आसपास म्हणतो, कारण ही चिठ्ठ्या उचलण्याची गोष्ट आहे. एका रवणात सात निघतील, दुसऱ्यात तीन. तीन-चार रवणे झाली की हिशेब जुळू लागतो.

यातली खरी मेख पुढे आहे. जे पिल्लू रंगीत निघाले, त्याच्याजवळ झाकण घालणारी चिठ्ठी नसतेच. असती तर ते पांढरे दिसले असते. म्हणजे ती रंगीत पिल्ले राखली आणि पांढरी विकली, की लेगहॉर्नची पांढरी झाकण आपल्या कळपातून कायमची गेली. वर त्या रंगीत पिल्लांत चौथा हिस्सा लेगहॉर्नचे रक्त राहते. त्यातल्या काही तलंगा निव्वळ गावरानपेक्षा बऱ्या अंड्याच्या निघू शकतात. शिवाय पांढऱ्या लेगहॉर्नच्या पोटात पुष्कळदा काळा आणि पट्टेरी रंगही दडलेला असतो. तेव्हा नातवंडांत एखादा पट्टेरी नर निघाला तर नवल वाटू नये.

एक खबरदारी मात्र विसरू नये. कोंबडा काढला म्हणजे त्याचा अंमल त्या दिवशी संपला असे होत नाही. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचे बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडेही जिवंत राहते. म्हणून जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे अंडी खाण्याला किंवा विकायला वापरावीत. उबवणीची अंडी त्यानंतरच धरावीत. पुष्कळांचा हिशेब चुकतो तो इथेच, आणि दोष नव्या कोंबड्याला जातो.

आईची एक, बापाच्या दोन

काही रंगांची चाल थोडी निराळी आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते. कोंबड्यांत ते आईकडून ठरते. नर-मादी ठरवणाऱ्या या खात्यात काही रंगांच्या चिठ्ठ्याही बसलेल्या आहेत. कोंबड्याजवळ त्या दोन असतात, कोंबडीजवळ एकच. कोंबडी आपली ती एक चिठ्ठी फक्त मुलग्याला देते. मुलीला या खात्यात जे मिळते ते सारे बापाकडून. आपल्याकडे म्हणतात ना, खाण तशी माती. इथे मुलाला दोन खाणी आणि मुलीला एकच.

पिसांवर आडवे काळे-पांढरे पट्टे देणारी चिठ्ठी याच खात्यातली. पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबड्यांवर काळा ऑस्ट्रालॉर्प कोंबडा सोडला, तर नर सगळे पट्टेरी आणि माद्या सगळ्या काळ्या होतात. आणि हे कळायला महिने थांबावे लागत नाही. अंड्यातून निघताच नराच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो, मादीचे डोके काळेच असते. पहिल्याच दिवशी तलंगा किती आणि नर किती, हे घरची पोरेसुद्धा सांगू शकतील. जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडा पट्टेरी आणि कोंबडी काळी, तर सगळीच पिल्ले पट्टेरी होतात आणि ही खूण मिळत नाही.

सोनेरी-रुपेरीचेही तसेच. ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबडा कोंबडा आणि लाइट ससेक्ससारख्या रुपेरी रंगाच्या कोंबड्या घेतल्या, तर नर पिल्ले फिकट पिवळी आणि मादी पिल्ले तांबूस निघतात. केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट यांनी याच खात्याचा उपयोग करून 1929 साली केंबार नावाची जात पुढे आणली. तिच्यात पिढी दर पिढी पिल्लाच्या रंगावरून नर-मादी ओळखता येते. आज अंड्यांच्या धंद्यातल्या कितीतरी तांबड्या कोंबड्या अशाच रंगावरून पहिल्या दिवशी निवडल्या जातात.

राखाडी का टिकत नाही

ताईंच्या कळपात एक राखाडी कोंबडी आहे. हा रंग गिऱ्हाइकाला आवडतो, म्हणून कोणी राखाडी नर-मादी जमवून तीच जात करू पाहतात. ते होणार नाही. राखाडी रंग म्हणजे काळ्यावर अर्धी पडलेली फिकी छटा. एक फिकी चिठ्ठी असेल तर राखाडी, दोन असतील तर मळकट पांढऱ्यावर शिंतोडे, एकही नसेल तर काळा. राखाडी-राखाडी जोडीतून चारांत दोन राखाडी, एक काळे, एक शिंतोड्यांचे असेच निघत राहते. सगळीच राखाडी हवी असतील तर काळा आणि शिंतोड्यांचा अशी जोडी लावावी.

प्रत्येक पिसाला रेखीव काळी किनार असलेल्या परदेशी जाती चित्रांत दिसतात. त्या किनारीला एक नव्हे, तीन-चार निरनिराळ्या चिठ्ठ्या एकत्र याव्या लागतात. ते काम बरीच वर्षे आणि बरीच खुराडी मागते. संसारी माणसाने पट्टेरी, तांबडा, काळा, राखाडी इथवरच हात घालावा.

रंग म्हणजे अंडी नव्हेत

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. पिसाचा रंग अंडी वाढवत नाही. रंगीत कोंबडी म्हणजे गावरान, असेही आता राहिलेले नाही. घार-मुंगसापासून बचाव व्हावा आणि खेड्यातल्या माणसाला पसंत पडावी म्हणून हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजा ही परसातली कोंबडी मुद्दाम रंगीत काढली. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने परसासाठी असीलच्या संकरातून निर्भीक आणि कडकनाथच्या संकरातून श्यामा काढली. या कोंबड्या चांगल्या आहेत. पण त्या संकराच्या असल्याने त्यांचीच अंडी उबवून तसेच गुण मिळतील अशी आशा धरू नये. दर खेपेला पिल्ले खात्रीच्या केंद्रावरून आणावीत.

कडकनाथच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावे. झाबुआच्या या जातीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचे नाव गावोगाव झाले. पुढच्याच साली सांगली जिल्ह्यात कडकनाथ पालनाच्या नावाखाली मोठी फसवणूक उघडकीस आली आणि अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. ध्यानात ठेवा, कडकनाथ कोंबडा आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांची कोंबडी यांच्या संकरातल्या माद्याही काळ्या कातडीच्या निघतात, नर मात्र उजळ निघतात. उलट, अस्सल कडकनाथात सोनेरी झाकेचीही पिसे असतात. तेव्हा नुसते काळे अंग पाहून अस्सल म्हणू नये आणि पिसात सोनेरी झाक दिसली म्हणून खोटे म्हणू नये. विकणाऱ्याच्या घरचे आई-बाप आणि एकाच रवणातली सगळी पिल्ले पाहावीत.

आणखी एक गोष्ट रंगापेक्षा मोलाची आहे. लेगहॉर्न खुडूक बसत नाही. अंड्यांच्या हव्यासाने त्याचे रक्त वाढवत गेलो तर उबवणारी कोंबडीच घरात उरत नाही, आणि मग प्रत्येक पिल्लू विकत आणावे लागते. म्हणून सासूबाईंच्या वेळच्या त्या कोंबड्यांतल्या दोन-तीन चांगल्या बसणाऱ्या, पिल्ले सांभाळणाऱ्या कोंबड्या काहीही झाले तरी विकू नयेत. रंग दोन पिढ्यांत परत येतो, गेलेली माया इतक्या सहज परत येत नाही.

एवढे करावे

1. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा ठेवावा. ज्या जोडीची पिल्ले हवीत तिला वेगळ्या खुराड्यात कोंडावे. मोकळ्या कोंबडीचा बाप कोण, हे कोणी सांगू शकत नाही.

2. उबवणीची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. अंड्यावर पेन्सिलीने तारीख आणि कोंबडीची खूण लिहावी.

3. पिल्लांच्या पायात रंगीत दोरा सैल बांधावा आणि पाय वाढेल तसा बदलावा. पोराच्या जुन्या वहीत आई, बाप, फुटल्याची तारीख आणि रंग लिहावा. शाळेत जाणारी मुलगी हे काम हौसेने करील.

4. पिल्लाच्या लवेवरून घाईने निवाडा करू नये. लव एक आणि पीस दुसरे असे होते. खरा रंग चार-पाच महिन्यांनी कळतो.

5. निवडताना आधी प्रकृती, मग आईची अंडी आणि बसण्याचा गुण, आणि शेवटी रंग, हा क्रम सोडू नये.

6. मानमोडीची लस चुकवू नये. सारी चिठ्ठ्यांची जुळवणी एका साथीत खलास होते.

मानमोडीची लस कोणत्या वयात, कशी टोचावी आणि ती गावात आणताना बर्फात कशी ठेवावी, ते पुढच्या अंकी पाहू.