स्वित्झर्लंडला निघण्यापूर्वी

स्वित्झर्लंड युरोपच्या मध्यभागी वसलेले असले, तरी ते युरोपीय संघाचे सदस्य नाही. २००८ पासून ते शेंगेन व्यवस्थेत आहे, म्हणून शेंगेन व्हिसा तेथे चालतो. चलन मात्र युरो नव्हे, फ्रँक. अनेक दुकानदार युरोच्या नोटा स्वीकारतात, परंतु दर स्वतःच्या सोयीचा लावतात आणि उरलेली रक्कम बहुधा फ्रँकमध्ये परत करतात.

कार्डाने पैसे देताना अधिक सावध असावे. यंत्राच्या पडद्यावर ‘रुपये की फ्रँक?’ असा प्रश्न उमटतो. बँकेत परकीय चलनाचे काम केलेला मी, ल्युसर्नच्या एका दुकानात रुपयांचा आकडा ओळखीचा वाटला म्हणून त्यावरच बोट ठेवून बसलो! रुपयांतले ते रूपांतर दुकानाच्या बाजूची यंत्रणा करते आणि तिचा दर सहसा महाग असतो. शिवाय आपल्याकडील काही बँका अशा व्यवहारावर वेगळे शुल्क घेतात. फ्रँकच निवडावा. सौभाग्यवतींनी ती पावती अद्याप जपून ठेवली आहे.

आपल्या वाचकांसाठी खरी कसोटी आहाराची. ग्रुयेर आणि एमेंटाल ही तेथील प्रसिद्ध चीज. त्यांसाठी दूध गोठवताना परंपरेने वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात आणि प्रसिद्ध फाँड्यू याच प्रकारच्या चीजचे असते. त्यात मांस नसल्याने उपाहारगृहातील सेवक ते निःशंकपणे ‘शाकाहारी’ म्हणून सांगतो. त्याच्या दृष्टीने ते असत्यही नसते. म्हणून प्रश्नच नेमका विचारावा. रेनेटला जर्मन भागात ‘लाब’ आणि फ्रेंच भागात ‘प्रेझ्यूर’ म्हणतात. हे दोन शब्द वहीत लिहून न्यावेत. भाज्यांच्या सूपातही मांसाचा अर्क असू शकतो. रोश्टी हा पदार्थ बटाट्याचा, तेव्हा कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी तोही टाळावा. खाकरा आणि मेतकूट सोबत असलेले बरे.

रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतील मात्र उघडी सापडतात. गाडीत चढण्यापूर्वीच तिकीट काढावे, कारण फलाटावर अडवणारे कोणी नसले तरी तपासनीस येतो आणि दंड जबर असतो. युंगफ्राउयोखचे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच तेथे जावे. रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि पोलिसांसाठी ११७ हे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत.